गालिच्याखालची वाट

मुंबईहून बहरीनला जाणाऱ्या सकाळच्या विमानात माझी जागा मधली होती. खिडकीजवळ साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. डोक्यावरून ओढणी, मांडीवर फुगलेली कापडी पिशवी आणि पिशवीतून येणारा सोड्यांचा (वाळवलेल्या कोळंबीचा) वास. हवाईसुंदरीने पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितली.

"ठेव, पन सरळ ठेव," बाई म्हणाल्या. "खाली तांदळाचं पीठ हाय."

तिला मराठी येत नव्हते. मी हिंदीत समजावले. ओळख तिथून झाली.

त्यांचे नाव झुबेदा. गाव दाभोळच्या खाडीकाठी. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या, पण घाबरलेल्या दिसत नव्हत्या. विमान सुटले तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली पाहिले आणि समुद्र एवढा लांब का दिसतो, एवढेच विचारले.

"तुमी फिरायला चाललाव?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

माझे निमित्त साधे होते. पुतण्या निखिल बहरीनमध्ये इंजिनिअर आहे. तिथल्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर समुद्राला लागून एक मोठे तळे बांधले आहे आणि त्या तळ्यात यंत्राने लाटा उठवतात. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याच्या खेळासाठी ही जागा आखाती देशांत आता प्रसिद्ध झाली आहे. निखिल त्या यंत्रावर काम करतो. आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यावर लिहावे, असे ठरले होते.

"लाटांचं तळं," झुबेदा म्हणाल्या. "मीपन तिथंच चाललंय. चालून बघायला."

त्यांचे पती यासीन बहरीनमध्ये सुतारकाम करतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते तिकडे गेले आणि आता मुलगा सलीम बाप झाला आहे. राजधानी मनामामधल्या घरांचे दरवाजे, सीफच्या कचेऱ्यांमधली लाकडी पार्टिशनं, मजलिसमधली (पाहुण्यांच्या बैठकीतली) बाके, असे पुष्कळ काम त्यांनी केले. त्या तळ्यापर्यंत वाळूवरून जाणारी फळ्यांची वाट हे त्यांचे तिथले शेवटचे काम. ते संपले की कायमचे घरी. त्याआधी बायकोने यावे आणि त्या वाटेवरून चालावे, असा त्यांचा हट्ट होता.

चालणे एवढे महत्त्वाचे का, हे मी विचारले. त्यांनी सांगितले ते असे. यासीन यांचे वडील खाडीकाठी होड्या बांधत. होडी पुरी झाली की मालकाने पाय ठेवायच्या आधी बांधणाऱ्याची बायको तिच्या फळ्यांवरून अनवाणी चाले. जिथे पायाला काही टोचेल, कुसळ असो की खिळ्याचे डोके, तिथे ती थांबे. नवरा येऊन ती जागा घासून देई. ती शेवटपर्यंत गेली की होडी पास. मग मालक.

"सासूबाय चालायच्या. मग लग्न झाल्यावर मी. दोन होड्यांवर चालले आनि हे निघाले तिकडं."

"मग तिथल्या कामांवर कोण चाललं?"

"कोन चालनार? फोनवर फोटो पाठवायचे." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "फोटोला पाय कसा लावनार?"

*

बहरीन वरून दिसते तेव्हा जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते लवकर कळत नाही. समुद्र उथळ आहे, फिकट हिरवा, आणि वाळूचे पट्टे पाण्याखालूनही दिसतात. विमानतळ एका बाजूच्या बेटावर आहे. बाहेर हिवाळ्याचे ऊन होते आणि वारा गार होता.

यासीन कठड्याला टेकून उभे होते. उंच, वाळके, इस्त्रीचा शर्ट. बायको समोर आल्यावर ते आधी माझ्याशी बोलले, सलाम केला, प्रवास कसा झाला विचारले. मग तिला म्हणाले, "पिशवी दे."

"फोनवर तर भरलेले दिसत होताव," झुबेदा म्हणाल्या. "फोन खोटं बोलतो का तुमी?"

"फोन स्वस्तातला हाय."

पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. एवढीच भेट. निखिलने गाडी आणली होती. त्यांना जिदहफ्समध्ये सोडून आम्ही सीफला त्याच्या घरी गेलो.

सीफमध्ये काचेचे मनोरे आहेत, मॉल आहेत, हॉटेले आहेत, आणि रस्त्यावर चालणारा माणूस नाही. समोर दिसणाऱ्या दुकानात जायचे म्हणून मी पायी निघालो. मधला रस्ता ओलांडायला जागाच सापडेना. शेवटी निखिलला फोन केला. त्याने गाडी काढली, लांब वळसा घालून मला समोरच्या बाजूला सोडले आणि वाट पाहत थांबला.

"काका, इथं पाय फक्त ब्रेक दाबायला," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी जिदहफ्समध्ये यासीन यांच्याकडे जेवायला बोलावणे होते. हे मनामाच्या पश्चिमेला असलेले जुने, दाट वस्तीचे गाव. अरुंद रस्ते, भाजीची आणि मासळीची दुकाने, दारात बसलेली म्हातारी माणसे. एक ओळखीचे कुटुंब सुट्टीवर गेले होते, त्यांच्या दोन खोल्या यासीन यांना तेवढ्या दिवसांपुरत्या मिळाल्या होत्या.

झुबेदांनी सांदण (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या गोड वड्या) केले होते. सोड्यांचे कालवण होते. यासीन यांनी बाजारातून साफी (खडकाळ पाण्यातला एक छोटा मासा) आणि मुहम्मर (खजुराच्या पाकातला गोड भात) आणला होता. तव्यावरची पातळ रोटी होती आणि तिच्यावर माहियावा, म्हणजे मासे मुरवून केलेली पातळ चटणी. झुबेदांनी तिचा वास घेतला.

"हे तर आपलं सुकटच की, पातळ केलंय नुसतं."

"म्हनून तर टिकलो इथं," यासीन म्हणाले.

जेवण झाल्यावर निखिलने ती बातमी सांगितली. ती त्याला सकाळीच कळली होती आणि सांगावी कशी या विचारात तो दोन वेळा भात घेऊन बसला होता. राजघराण्यातील एक ज्येष्ठ व्यक्ती लाटांचा किनारा पाहायला येणार होती. परवा, म्हणजे गुरुवारी. झुबेदांना वाटेवरून चालू देण्याची परवानगी यासीन यांनी मागून ठेवली होती ती शुक्रवारची.

यासीन यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"म्हंजे आधी ते चालनार."

"हो. फळ्यांच्या वाटेवरूनच नेणार आहेत. उद्घाटनासारखंच आहे ते."

बाहेर भाजीवाला गाडी मागे घेत होता त्याचा आवाज येत राहिला. मग यासीन मला समजावू लागले. बांधकाम सुरू झाले तेव्हापासून त्या वाटेवर कोणाचाही पाय पडू दिला नव्हता. बसवलेल्या फळ्यांवर ते प्लायवूड अंथरत, कामगार त्यावरून जात. ते स्वतः बाजूला वाळूत बसून काम करत. त्यांचे सुपरवायझर जॉर्ज, केरळचे, या गोष्टीला हसत. पण प्लायवूडची परवानगी त्यांनीच दिली होती.

"त्यांना सांगू या का?" मी विचारले.

"कुनाला? राजाच्या मानसाला?" यासीन हसले, पण ते हसणे लवकर संपले. "काय सांगू? थांबा, माजी बायको पास करंल मग तुमी चाला?"

"त्यात काय वाईट हाय?" झुबेदा म्हणाल्या. "होडीचा मालकपन थांबायचाच की. केवढे मोठे मोठे तांडेल थांबायचे."

"ते दाभोळ होतं."

"पाय सारखेच असतात, सलीमचे अब्बा. त्यांच्या पायात कुसळ गेलं म्हंजे?"

त्या वाटेत कुठे कुसळ राहिले असेल, असे यासीन यांना वाटत नव्हते. पण वाटणे आणि पास होणे या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आणि ते एक वाक्य दोनदा बोलले: इतकी वर्षे केलेल्या कामांपैकी एक तरी तिच्या पायाखालून जायला हवे होते.

गुरुवारच्या आत जायचे तर बुधवार उरला होता. आम्ही बुधवारी जायचे ठरवले.

*

किनाऱ्याचा रस्ता सखीरवरून जातो. मोटारशर्यतीचे मैदान आणि विद्यापीठाच्या लांबलचक इमारती मागे पडल्या की मोकळा माळ लागतो. पिवळट, दगडाळ, सपाट. हिवाळ्यात इथले लोक या माळावर तंबू ठोकून राहायला येतात. तंबूंच्या रांगा, दिव्यांच्या माळा, शेकोट्यांसाठी रचलेली लाकडे. मधूनच तेलाचे पंप मान खाली-वर करत होते. झुबेदा खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

"घर असून तंबूत राहतात?"

"हवा खायला," यासीन म्हणाले.

"आनि पंप कुनाला हो म्हनतोय सारखा?"

किनाऱ्याच्या फाटकावर रस्ता अडवलेला होता. खुर्चीवर एक स्थानिक पहारेकरी बसला होता. पांढरी दाढी, खाकी कोट, समोर थर्मास. निखिलने त्याला आपले ओळखपत्र दाखवले. यासीन यांनी त्यांचे दाखवले. झुबेदांकडे आणि माझ्याकडे दाखवायला पासपोर्टशिवाय काही नव्हते, आणि झुबेदांचा पासपोर्ट जिदहफ्समध्ये उशीखाली राहिला होता. जपून ठेवायचा म्हणून त्यांनी तो तिथे ठेवला होता.

"आज मफी (नाही)," पहारेकरी मोडक्या हिंदीत म्हणाला. "कल बडा आदमी आता. सब बंद. जुम्मा को आओ."

निखिलने विनंती केली. यासीन अरबीत बोलले, बराच वेळ. पहारेकऱ्याने सगळे ऐकून घेतले, मधे एकदा झुबेदांकडे पाहिले आणि पुन्हा मान हलवली. नियम बदलणार नव्हता. पण वयाने मोठी बाई उन्हात उभी आहे, हेही त्याला चालणार नव्हते. त्याने स्वतःची खुर्ची तिला दिली, थर्मासमधून बिनकानाच्या छोट्या पेल्यात वेलदोड्याची फिकट कॉफी ओतली आणि पुढे केली.

झुबेदांनी ती संपवली. त्याने पुन्हा ओतली. तीही संपवली. तो पुन्हा ओतू लागला. इथली रीत अशी की नको असेल तर रिकामा पेला हातात थोडा हलवायचा. नुसता पुढे धरला तर अजून हवी असा अर्थ होतो. हे यासीन यांना माहीत होते, पण ते वाटेकडे पाहत उभे होते. थर्मास रिकामा व्हायच्या आधी निखिलने झुबेदांचा हात धरून हलवून दाखवला.

"आधी सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, बिचारा एवढ्या प्रेमानं देतोय, नको कसं म्हनू."

फाटकापासून ती वाट दिसत होती. वाळूतून तळ्याकडे जाणारी एक फिकट तपकिरी रेघ. तिच्या पलीकडे यंत्राने उठवलेली एक लाट आली, फुटली आणि पाणी पुन्हा सपाट झाले. खऱ्या समुद्राकडे पाहिले तर तो परातीतल्या पाण्यासारखा निश्चल होता. झुबेदा कपाळावर हात धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"सरळ हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वाट. रेघ मारल्यासारखी हाय."

परत येताना यासीन पुढच्या सीटवर बसले आणि सखीर येईपर्यंत आरशातून मागे पाहत राहिले.

*

गुरुवारी मात्र आत जाता आले. जॉर्ज यांनी आदल्या संध्याकाळी कामगारांना निरोप दिला होता: ज्यांनी काम केले त्यांनी स्वच्छ कपड्यांत दोरीमागे उभे राहायचे. यासीन यांनी त्या यादीत बायकोचे नाव घातले. जॉर्ज यांनी ते मान्य केले. मी निखिलचा पाहुणा म्हणून त्याच दोरीमागे आलो. पत्रकारांची जागा समोर होती, पण मला इथून जास्त जवळचे दिसत होते.

तपासणीच्या टेबलापाशी यासीन यांच्या खिशातून एक घडी घातलेला कागद निघाला. पॉलिश पेपर.

"ये क्या?" तपासणाऱ्या तरुण शिपायाने विचारले.

"लकडी घिसने का."

"आज क्या घिसेगा?"

यासीन यांनी खांदे उडवले. शिपायाने कागदावरून अंगठा फिरवला, त्यात धोकादायक काही नाही अशी खात्री केली आणि तो परत दिला. यासीन कामावरचा नेहमीचा निळा डगला घालून आले नव्हते, तो इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तरी तो कागद खिशात होता.

आम्ही दोरीपाशी पोचलो आणि यासीन थांबले.

वाटेवर लाल गालिचा अंथरलेला होता. प्रवेशापासून तळ्याच्या काठापर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. लाकडाचा एक इंचही दिसत नव्हता.

त्यांनी मला नंतर सांगितले, की ती लाकडे कशी निवडली, कोणती फळी कोणत्या फळीशेजारी ठेवली, उन्हात तापली तरी पाय भाजू नये म्हणून कोणते लाकूड घेतले, हे सगळे त्या क्षणी त्यांना आठवले. तेव्हा मात्र ते फक्त म्हणाले, "झाकलं."

झुबेदांनी त्यांच्याकडे पाहिले. मग गालिच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते दुःख नव्हते. त्या काही मोजत असल्यासारख्या दिसल्या.

"हे लाल कधी टाकलं?"

"आज सकाळी," निखिल म्हणाला.

"त्याच्या आधी कुनी चाललं?"

"नाही. प्लायवूड काढलं आणि लगेच गालिचा टाकला. मी इथंच होतो."

"बरं," झुबेदा म्हणाल्या, आणि ओढणी नीट करून उभ्या राहिल्या.

गाड्यांची रांग आली तेव्हा वारा वाढला होता. इथे त्याला शमाल म्हणतात, वायव्येकडून येणारा वारा, आणि त्याच्यासोबत बारीक वाळू येते. पाहुणे गाडीतून उतरले. त्यांचे नाव आणि पदवी तिथल्या वर्तमानपत्रांत आली आहे. इथे त्याची गरज नाही. साधा पांढरा पोशाख, पायात चामड्याच्या चपला, चाल सावकाश. ते गालिच्यावरून चालत तळ्याच्या काठाशी गेले. लाटांवरचा खेळ दाखवणाऱ्या मुलांना बाजूच्या वाळूवरून जायला सांगितले होते. यंत्र सुरू झाले. पहिल्या लाटेवर एक मुलगी उभी राहिली, डगमगली, सावरली आणि थेट काठापर्यंत आली. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या लाटेवर दोन मुलगे पडले; पाहुणे मोकळेपणाने हसले आणि त्यांनी हात उंचावून मुलांना पुन्हा जायला सांगितले. निखिलचे ओठ हलत होते. यंत्राने दगा दिला नाही.

परतताना ते आमच्यापासून चार पावलांवर आले तेव्हा वाऱ्याने गालिच्याची कड उचलली. ती दुमडली आणि खालच्या दोन फळ्या उघड्या पडल्या. पाहुणे थांबले. झुबेदांनी माझी बाही घट्ट धरली.

पाहुणे खाली वाकले. त्यांनी उघड्या लाकडावर तळहात ठेवला, एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला. मान वर करून काहीतरी विचारले. जॉर्ज यांनी पुढे होऊन उत्तर दिले. बहुधा लाकडाचे नाव होते. पाहुण्यांनी मान डोलावली. तोवर एका अधिकाऱ्याने घाईघाईने कड सरळ केली आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर आपला बूट ठेवला. पाहुणे पुढे गेले. दोरीमागे कोण उभे आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि ते विचारायचे त्यांना काही कारण नव्हते.

"हात लावला," यासीन म्हणाले. आवाज बारीक होता.

"हाताचं चालतं," झुबेदांनी माझी बाही सोडली. "हात लावून बगनारा मानूस चांगला असतो. पाय नाय लागला ना?"

"नाही," मी म्हणालो. "पाय गालिच्यावरच होते."

"मग झालं तर. अजून कुनी चाललेलं नाय. कापडानंच राखली की ओ आपली वाट, सलीमचे अब्बा. आनि तुमी तोंड पाडून उभे."

यासीन यांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी दोरी धरली.

*

गाड्या गेल्या. खुर्च्या उचलल्या गेल्या. मुले पुन्हा पाण्यात गेली. दुपार कलत आली होती तेव्हा कामगार दोन्ही बाजूंना वाळूत उभे राहून गालिचा गुंडाळू लागले, तळ्याकडून प्रवेशाकडे. खालून लाकूड बाहेर येत गेले. यासीन जॉर्ज यांच्याजवळ गेले आणि काही बोलले. जॉर्ज यांनी घड्याळ पाहिले, मग झुबेदांकडे पाहिले.

"जल्दी नहीं," ते म्हणाले. "आराम से." आणि त्यांनी कामगारांना गालिच्याची गुंडाळी वाळूवरून न्यायला लावली. "यल्ला (चला), इधर से नहीं, उधर से!"

झुबेदांनी चपला काढल्या. ओढणीचे टोक कमरेला खोचले. उजवा पाय ठेवला, मग डावा, आणि दोन्ही पाय ठेवून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग चालू लागल्या. त्यांची चाल पाहण्यासारखी होती. टाच आधी टेकत नव्हती. चवडा टेकवून तो किंचित बाजूला सरकवायचा, मग भार द्यायचा. नजर खाली नव्हती. समोर पाण्याकडे होती. यासीन वाटेच्या बाजूने वाळूतून त्यांच्याबरोबर चालत होते, अर्धे पाऊल मागे.

काही कामगार थांबून पाहू लागले. कोणी हसले नाही. पाण्यातून बाहेर आलेली एक मुलगी वाटेवर पाय ठेवणार होती. निखिलने तिला हाताने थांबवले आणि ती का कोण जाणे, काही न विचारता थांबली.

वाट संपत आली होती. तळ्याच्या अलीकडे झुबेदा थांबल्या.

"इथं," त्या म्हणाल्या. "इथं लागतंय."

यासीन यांनी खिशातून पॉलिश पेपर काढला. ते गुडघ्यावर बसले. झुबेदांनी पायाच्या अंगठ्याने जागा दाखवली. त्यांनी ती घासली, फुंकर मारली, बोटाने पाहिली, पुन्हा घासली. एवढ्या छोट्या जागेला लागायला हवा होता त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांनी घेतला. झुबेदा कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आता?"

त्यांनी पाय फिरवून पाहिला. "आजून थोडं डावीकडं."

"आता?"

"आता बरं हाय." त्या उरलेल्या फळ्या चालल्या आणि पाण्याच्या काठाशी जाऊन वळल्या. "पास!" त्यांनी मोठ्याने सांगितले. "खलास! चालू दे आता सगळ्यांना."

त्या मुलीने वाटेवर पाय ठेवला आणि पळत गेली.

ते दोघे काठाशी बसले तेव्हा मी त्या जागेपाशी जाऊन तळहात फिरवला. काही लागले नाही. ते अपेक्षितच होते, कारण ती आता घासलेली होती. पण शेजारच्या फळ्याही मी तपासल्या. त्याही तशाच होत्या.

*

संध्याकाळी मी सीफमधून मुंबईला बातमी पाठवली. आयोजकांच्या प्रसिद्धिपत्रकात एक वाक्य होते: पाहुण्यांनी नव्या लाकडी वाटेवर पहिले पाऊल ठेवून तिचे उद्घाटन केले. मी ते गाळले. थोड्या वेळाने कचेरीतून सहकाऱ्याचा फोन आला.

"पहिलं पाऊल का काढलंत? चांगलं वाक्य आहे, मथळ्यात जाईल."

"ते खरं नाही."

"मग पहिलं कुणाचं पडलं?"

"ते या बातमीत बसणार नाही."

तो हसला आणि त्याने बातमी आहे तशी लावली.

परतीच्या विमानात आम्ही तिघे एका रांगेत होतो. खिडकीजवळ झुबेदा, मध्ये यासीन, कडेला मी. वरच्या कप्प्यात तीच कापडी पिशवी होती, आता खजूर आणि हलव्याने भरलेली. यासीन यांनी आपला रंधा सामानात दिला होता आणि तो पोचेल की नाही याची त्यांना काळजी होती. विमान सुटताना त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले नाही. झुबेदांनी पाहिले, आणि जे दिसले ते त्यांना सांगत राहिल्या. जेवण झाल्यावर बऱ्याच लोकांनी खिडक्यांच्या झडपा ओढल्या. यासीन यांचे डोळे मिटले. मी आवाज खाली ठेवून, त्यांच्या पलीकडे, झुबेदांना विचारले.

"खरंच लागलं होतं का तिथं?"

त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले.

"काय लागायचंय? लोन्यासारखी फळी हाय."

"मग थांबलात का?"

"सासूबाय शिकवून गेल्या. एक जागा काढायचीच. नाय मिळाली तरी काढायची. सगळं बरोबर हाय म्हटलं की मानसाला वाटतं, हिनं नीट बगितलंच नाय." त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिले. "आनि काम संपलं की ह्या लोकांचे हात कसे रिकामे होतात, तुमाला नाय म्हाईत. तेवढंच शेवटचं एक घासायला मिळतं. आपल्यासमोर."

यासीन यांचे डोळे मिटलेलेच होते. ते झोपले होते की ऐकत होते, हे मी सांगू शकत नाही. खिडकीची झडप खाली होती आणि उजेड कमी होता. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता. पॉलिश पेपर ते गुरुवारी बरोबर घेऊन आले होते, बायको काही सांगेल हे ठाऊक असल्यासारखे, आणि एवढेच मी पाहिलेले आहे.

मुंबईला उतरल्यावर सलीम आला होता. पिशवी त्याने घेतली. झुबेदा म्हणाल्या, गावाला या, खाडीवर एक जुनी होडी हाय, हे आता ती दुरुस्त करनार. यासीन म्हणाले, इंशाल्ला. मग तिघे गर्दीत गेले.

बातमीत जे बसले नाही ते इथे नोंदवतो. बहरीनच्या लाटांच्या किनाऱ्यावरील लाकडी वाटेवर पहिले पाऊल पडले ते गुरुवारी दुपारी, पाहुणे गेल्यानंतर. ते दाभोळच्या खाडीकाठच्या झुबेदा यांचे होते. पाऊल उजवे होते. त्या शेवटपर्यंत अनवाणी चालल्या. यासीन फळी घासण्यासाठी खाली बसले तेवढा वेळ सोडला तर, झुबेदांच्या चपला पूर्ण वाटभर त्यांच्या हातात होत्या.